आमच्या वाटची राख

भट्टीची कंपनी माफी मागतेय, ही बातमी आमच्या एमाटशेनी वस्तीत सगळ्यांत आधी माझ्या दुकानात वाचली गेली. दुकान म्हणजे जहाजातून माल आणतात तसला एक लोखंडी डबा. त्याला मी खिडकी पाडून घेतली, आरसा लावला, दोन खुर्च्या मांडल्या, आणि तिथे मी बायकांचे केस विणते. त्या सकाळी मबासोने दारावर एक छापील कागद चिकटवला, "सिसी फुमलिले, सगळ्यांना वाचून दाखव," असं बहिणीला सांगावं तसं मला म्हणाला आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता निघून गेला. मबासो कंपनीचा माणूस. कंपनीचं म्हणणं आमच्या भाषेत गोड करून सांगायचं, हे त्याचं काम. त्यापायी त्याला टोकदार बूट आणि पांढरी गाडी मिळाली आहे. जन्म मात्र आमच्याच गल्लीतला.

माझ्या खुर्चीत तेव्हा शेजारची मासिबिया बसली होती. अर्धं डोकं विणलेलं, अर्धं पिंजारलेलं. ती तशीच उठली, चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचू लागली. आमच्या झुलू भाषेत होता, त्यामुळे अडायचं कारण नव्हतं. हवेच्या कायद्याबाबत कंपनी पाच वर्षांसाठी माफी मागत आहे, रहिवाशांनी शनिवारी सभागृहात येऊन आपलं म्हणणं मांडावं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

तिने ते दोनदा वाचलं, परत येऊन बसली आणि म्हणाली, "आली बाई अक्कल."

पाच वर्षांसाठी माफी म्हणजे काय, असं मी विचारलं. मला ते जरा विचित्र वाटलं होतं. धूर तर मी लहान असल्यापासून येतोय.

"एकदम सगळ्याची मागायला लाज वाटत असेल," ती म्हणाली. "आधी पाच वर्षांची मागतील, मग मागची. तू केस ओढ नीट."

मी हसले, पण मनातून मलाही ते खरं वाटलं. खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं राख खाल्लेल्या माणसाला कुणी चुकलो म्हणालं, तर तो शब्द तपासून घ्यायचं सुचत नाही.

मासिबियाला त्या माफीची आमच्यापेक्षा जास्त गरज होती. तिचा नवरा, शेझीबाबा, उभं आयुष्य भट्टीवर राबला. धातू वितळवताना उठणारा धूर छातीत भरून घरी यायचा, आणि घरी आल्यावर तोच धूर खिडकीतून पुन्हा आत. शेवटी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली की ही हवा किंवा हा माणूस, दोन्हीतलं एक ठेवा. म्हणून बाबांना दूर डोंगरात भावाकडे पाठवलं. मासिबिया बरोबर गेली असती, पण भावाचं घर दोन खोल्यांचं, आणि इथलं घर सोडलं की त्यात कोण घुसेल याचा नेम नाही. कायद्याने कंपनीला या हिवाळ्याच्या आत चिमण्यांवर गाळण्या बसवायला सांगितल्या होत्या. गाळण्या बसल्या की बाबांना खुशाल आणा, असं डॉक्टरीण म्हणाली होती. त्या एका वाक्यावर मासिबिया जगत होती. बाबांची खुर्ची तिने गेटकडे तोंड करून मांडून ठेवली होती, वर चादर. चादर काळी पडली की बदलायची.

रोज फोनवर दोघं भांडायची. भावजयीचा लापशीत मिठाचा हात जड आहे, ही बाबांची कायमची तक्रार. सगळी गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात मासिबिया त्यांना सांगायची की मिठाने कुणी मरत नाही, गप गिळा.

त्या दिवशी तिने माझ्या दुकानातूनच फोन लावला. "ऐकलंत का? माफी मागायला येतायत."

पलीकडे खोकल्याची एक उबळ आली. मग बाबांनी विचारलं, "राख कोण चाखणार?"

आमच्यात दोन घरांचं वैर आलं की ते असं नुसतं तोंडाने मिटत नाही. ज्याची चूक त्याने समोरच्याच्या गेटबाहेर उभं राहायचं, त्या घराचं कुळनाव घेऊन हाक मारायची आणि आत बोलावेपर्यंत ताटकळायचं. मग वडीलधारे एका वाटीत राख आणि पाणी कालवतात. आधी चुकलेला जिभेवर घेतो, मग ज्याचं नुकसान झालं तो. दोघंही थुंकतात, चूळ भरतात, आणि त्यानंतर ते भांडण पुन्हा कुणी काढायचं नाही. एकट्याने चाखून भागत नाही. दोघांनी चाखली तरच माफी.

बाबा म्हणाले, "त्यांनी चाखली तर मीपण चाखीन. येतो मी शनिवारी."

"काही येऊ नका. धूर आहे अजून."

"मग माझ्या वाटची तू चाख. पण आधी त्यांना चाखू दे."

त्या आठवड्यात मासिबियाने अंगण असं झाडलं की जमिनीला आरसा म्हणावं. ज्वारीची बिअर आंबत घातली. गुरुवारी आमच्या प्रार्थना मंडळाच्या बायका लाल झगे आणि पांढऱ्या कॉलरी घालून आल्या, आणि प्रार्थना लवकर आटोपून चटया झटकायला लागल्या. पांढऱ्या कॉलरी म्हणायच्या आपल्या. दोरीवर वाळत घातल्या की करड्या होऊनच परत येतात. कुणीतरी म्हणालं, साहेब लोक चटईवर बसतील का? मासिबिया म्हणाली, माफी मागायला आलेला माणूस कुठेही बसतो.

शुक्रवारी मबासो आला. गेटबाहेर उभं राहून कुळनाव घेणं राहिलं बाजूला, त्याने गाडीचा हॉर्न वाजवला. गाडीत कंपनीचं नाव छापलेल्या टी-शर्टांचा ढीग होता. उद्याच्या सभेला हे घालून या, जेवणाची सोय आहे, असं सांगत तो घरोघर फिरत होता. झाडलेलं अंगण, चटया, बिअरचं मडकं बघून तो थबकला.

"मा, घरात कार्य आहे का काही?"

"तुमचीच वाट बघतोय," मासिबिया म्हणाली. "तू एकटाच आलास? साहेब कुठेत?"

मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. मी शेजारच्या भिंतीला टेकून उभी होते, त्याचा चेहरा मला नीट दिसला. आधी त्याला हसू आलं. ते त्याने गिळलं, एवढी मात्र त्याच्या आईची शिकवण दिसली.

"मा, ती तसली माफी नाही. इंग्रजीत वेगळा शब्द आहे. भाषांतर करणाऱ्याने जरा घोळ घातला. म्हणजे बघा, शाळेत गरीब पोरांची फी माफ करतात की नाही? तशी माफी. कायदा आहे, पण आम्हाला पाच वर्षं लागू करू नका, एवढंच."

मासिबिया त्याच्याकडे बघत राहिली. "फी माफ करतात ती गरिबाची. ही भट्टी कधी गरीब झाली?"

"गाळण्या फार महाग आहेत, मा."

"म्हणजे गाळण्या नाहीत?"

"आहेत ना. पाच वर्षांनी."

ती रडेल असं मला वाटलं. बाबांच्या खुर्चीवरच्या चादरीकडे तिची नजर गेली, आणि मला मबासोचा असा संताप आला की त्याच्या त्या टोकदार बुटांवर मडकं ओतावं. पाच वर्षं! बाबांना जिना चढताना मध्ये दोनदा बसावं लागतं. पण मासिबिया रडली नाही. तिने शांतपणे विचारलं, "कागदावर लिहिलंय ते खरं, की तू बोलतोस ते खरं?"

"इंग्रजीतलं खरं, मा."

"मग झुलूतलं आम्हाला कशाला दिलंत? खेळायला?"

मबासोने मोर्चा माझ्याकडे वळवला. म्हणाला, भट्टी बंद पडली तर तुझ्याकडे केस विणायला कोण येईल, त्याचा विचार केलायस का? खरं सांगायचं तर मी केला होता. माझी निम्मी गिऱ्हाइकं भट्टीवरच्या पगारावर जगतात, माझा सख्खा भाऊ तिथे आहे. पण माणूस काम करतो म्हणून त्याची छाती विकत मिळत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की खोकणाऱ्या बाईची वेणी सरळ येत नाही, कधी विणून बघ.

"उद्या येते मी," मासिबिया त्याला म्हणाली. "तुम्ही माफी मागितली आहे, मी द्यायला येते. कागदावर तसंच बोलावलंय."

तो गेल्यावर तिने घरातून पांढरी, निळ्या काठाची एनॅमलची वाटी आणली. शेझीबाबा ज्या खिडकीपाशी झोपायचे तिची चौकट बोटाने पुसत, कोपऱ्यातली राख चमच्याने खरवडत तिने वाटी भरली. झाडून दोन दिवस झाले नव्हते. मला म्हणाली, चुलीची राख कशाला घ्यायची? त्यांनी एवढी घरपोच दिलेली आहे.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. एका बाजूला टी-शर्टवाले, त्यात माझा भाऊ, माझ्याकडे न बघता बसलेला. दुसऱ्या बाजूला आम्ही लाल झगेवाल्या. समोर टेबलामागे सरकारकडून आलेल्या मोतौंग बाई, ज्यांनी दोन्हीकडचं ऐकून वर शिफारस करायची होती. त्यांच्या शेजारी दुभाषी, एक काटेकोर, किडकिडीत बाई. माइकवर जे जे बोललं जाईल ते ते झुलूत किंवा इंग्रजीत सांगायचं, एवढीच तिची नेमणूक, आणि ती ते असं करत होती की कुणी शिंकलं असतं तर तेही तिने भाषांतर केलं असतं.

कंपनीतर्फे लाटेगन साहेब बोलले. उंच, लालबुंद, हसतमुख माणूस. पडद्यावर रेघा वर गेल्या, खाली आल्या. त्यांचं म्हणणं असं की धूर दिसतो तेवढा वाईट नाही, घरातल्या कोळशाच्या शेगड्यांनी जास्त त्रास होतो, आणि ही धूळ म्हणजे त्रासदायक असली तरी अपायकारक नव्हे. चोराच्या उलट्या बोंबा. आमच्या शेगड्या! भट्टीला लागणाऱ्या विजेच्या तारा आमच्या छपरांवरून जातात आणि आमच्या घरात वीज दिवसाआड येते, मग शेगडी नाही पेटवायची तर काय करायचं?

मासिबियाचं नाव पुकारलं. ती वाटी दोन्ही हातांत धरून पुढे गेली आणि वाटी टेबलावर, साहेबांच्या समोर ठेवली. मबासो साहेबांच्या उजव्या हाताला बसला होता. वाटी बघताच तो ताठ झाला. त्याला तिचा अर्थ सांगावा लागणार नव्हता.

"तुम्ही माफी मागितलीत," मासिबिया म्हणाली. "दारादारावर लावलंय. मी द्यायला आले आहे."

मोतौंग बाईंनी अगदी सौम्यपणे सांगितलं की आई, कागदात भाषांतराची चूक झाली आहे, ही सुनावणी सवलतीच्या अर्जाची आहे.

"चूक आम्ही केली का?"

"नाही."

"मग आम्ही का दुरुस्त करायची? त्यांनी आमच्या भाषेत माफी मागितली, तर आमच्याच रीतीने मिळेल. आधी ते चाखतील, मग माझ्या नवऱ्याच्या वतीने मी. नंतर मी या गोष्टीचा एक शब्द काढणार नाही. मग पाच घ्या नाहीतर पन्नास घ्या."

सभागृहात कुजबुज उठली. आमच्या बायकासुद्धा बिथरल्या. मीही. ही बाई हे काय बोलून बसली? त्या माणसाने जीभ लावली की संपलं. मासिबिया दिलेला शब्द फिरवणारी नाही, आणि तिच्याशिवाय आमच्यातलं कुणी उभं राहिलं नसतं. मी मागून तिचा झगा ओढला. तिने माझा हात झटकला.

दुभाषीने सगळं सांगितलं तसे लाटेगन साहेब उठलेच. चेहऱ्यावर असा आनंद की जणू यासाठीच आले होते. म्हणाले, मी इथल्या चालीरीतींचा मान राखतो, चिमूटभर राखेनं मनं जुळणार असतील तर मला आनंदच आहे. त्यांच्याबरोबर आलेल्या फोटोवाल्याने कॅमेरा वर केला. साहेबांनी बाहीचं बटण सोडलं, बोट वाटीत बुडवलं, चांगलं माखलं, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून वर धरलं. मग ते तोंडाकडे नेलं.

मबासोने झडप घालून त्यांचं मनगट पकडलं.

"सर, ते तोंडात घालू नका," तो इंग्रजीत म्हणाला. दबक्या आवाजात, घाईघाईने. पण साहेबांपुढचा माइक चालू होता.

आणि ती दुभाषी, देव तिचं भलं करो, कागदातून मान वर न करता झुलूत म्हणाली, "साहेब, ते तोंडात घालू नका."

साहेबांचं बोट हवेत, मबासोची मूठ मनगटावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग मबासोने, त्याला तरी काय सुचणार, पाण्याची बाटली उघडून साहेबांच्या बोटावर ओतली आणि स्वतःच्या रुमालाने पुसलं. एकदा पुसून त्याचं समाधान झालं नाही. पुन्हा पुसलं.

"मबासो," मोतौंग बाई म्हणाल्या, "का नको?"

तो ओल्या रुमालाची घडी घालू लागला.

"धूळ अपायकारक नाही, असं आत्ताच सांगितलंत. मग तोंडात का नको?"

उत्तर टी-शर्टवाल्यांकडून आलं. माझा भाऊ, जो सकाळपासून माझ्याकडे बघत नव्हता, बसल्या बसल्या म्हणाला, "भट्टीवर पाटी लावलीय ना बाई. हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही म्हणून. यानेच शिकवलंय आम्हाला."

दुभाषीने तेही इंग्रजीत सांगितलं.

मग मासिबिया बोलली. आवाज चढवला नाही. मबासोच्या डोळ्यांत बघून बोलली, साहेबांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"ही राख माझ्या नवऱ्याच्या उशाची आहे. तो झोपेत ती खायचा. कामावर खायचा, जेवताना खायचा. तुझा बापही खायचा, बाळा. साहेबांचं एक बोट माखलं तर तुझा जीव खालीवर झाला. माझ्या शेझीचं मनगट मात्र कुणी धरलं नाही."

तिने वाटी उचलली. "आमच्या वाटची आम्ही खाऊन बसलोय. तुमच्या वाटची वाटीत शिल्लक आहे. तोवर माफी नाही. आमच्या भाषेतली नाही आणि तुमच्या भाषेतलीही नाही."

लाल झगेवाल्यांनी गाणं धरलं. कुणी सुरुवात केली माहीत नाही. मोतौंग बाईंनी गाणं संपेपर्यंत कुणाला थांबवलं नाही, आणि संपल्यावर म्हणाल्या की वाटी पुरावा म्हणून जमा करावी लागेल. मासिबियाने थोडी राख त्यांच्या पिशवीत ओतली. वाटी माझी आहे, म्हणाली.

बाहेर आल्या आल्या तिने फोन लावला. बाबांनी एकच विचारलं, "चाखली का?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"घाबरले."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी घाबरले, पण ते हसत होते. ती मात्र तेव्हा रडली, सभागृहाच्या पायरीवर बसून, अगदी मोकळेपणाने. बाबा म्हणाले, रडतेस कशाला? माझी गादी ऊन दाखवून ठेव. ती रडतच ओरडली की गादी बाहेर काढली तर काळी होईल, एवढंही कळत नाही का, तिथे राहून डोकं पार गेलं तुमचं.

निकाल थंडी सुरू झाल्यावर रेडिओवर ऐकला. माफी नामंजूर. गाळण्या बसवा, नाहीतर भट्टी थांबवा. कंपनी कोर्टात गेली, तिथेही हात हलवत परत आली. एक भट्टी काही महिने थांबली, माझ्या भावाला घरी बसावं लागलं, आणि त्या दिवसांत त्याने मला जे जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं. मग चिमण्यांभोवती लोखंडी सांगाडे उभे राहिले आणि भाऊ पुन्हा कामावर गेला, गाळण्या बसवायच्या कामावर.

पुढच्या वर्षी पीचच्या झाडांना फुलं आली तेव्हा शेझीबाबा आले. टॅक्सीतून उतरून गेटपाशी उभे राहिले आणि स्वतःच्याच घराला कुळनावाने हाक मारली, थट्टेने. मासिबियाने त्यांना चांगलं ताटकळत ठेवलं.

आता ते दिवसभर त्या खुर्चीत बसतात. चादर बाजूला झाली. धूर पूर्ण गेला असं कुणी म्हणणार नाही, पण दोरीवरची कॉलर दुपारपर्यंत पांढरी राहते. वाटी उरलेल्या राखेसकट त्यांच्या शेजारी बुटक्या भिंतीवर असते, वर बशी झाकलेली. मबासोला कामासाठी याच रस्त्याने जावं लागतं. पूर्वी हॉर्न वाजवायचा, आता गाडी हळू करतो, मान खाली घालून "नमस्कार बाबा" म्हणतो. बाबा बशी जराशी उचलतात आणि अगदी मायेने विचारतात, "काय रे बाळा, भूक लागली का?"